गाडी कुणाच्या दारात?

सोलापूरहून हैदराबादला गाडीनं निघालं की तीन राज्यं लागतात. उमरगा मागं पडलं की कर्नाटक. हुमनाबादला थांबून ‘चहा कोड्री’ म्हणायचं. जहिराबाद आलं की तेलुगू पाट्या सुरू. तीनशेएक किलोमीटरांत आपली जीभ तीनदा वळते, आणि सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं काही वाटतही नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या डोहाळजेवणासाठी अशीच निघाले. आक्काचं घर तारनाक्याला. भावजी रेल्वेत होते, त्यामुळं लग्नानंतर तिचा सगळा संसार तिथंच झाला. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला लालागुड्याची रेल्वे वसाहत. पूर्वी इथं तारेचं कुंपण घातलेली बाग होती आणि तिच्याशी एक नाका होता, म्हणून हे नाव पडलं, असं तिथले जुने लोक सांगतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आक्काच्या गल्लीत बैठी घरं होती आणि दारात सायकल किंवा स्कूटर. आता बहुतेक घरांचे चार-चार मजले झालेत. २०१७ साली मेट्रो आली, तरी गाड्या काही कमी झाल्या नाहीत. गल्लीतल्या पाट्या वाचल्या तरी इतिहास कळतो. जुन्या गाडीवर एपी, २०१४ नंतरच्या गाडीवर टीएस आणि २०२४ पासूनच्या नव्या कोऱ्या गाडीवर टीजी. गाड्या तेवढ्या वाढल्या, गल्ली मात्र आहे तेवढीच.

आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आक्काच्या दारात व्याह्यांची गाडी होती. तिच्या पलीकडं एक भलामोठा दगड. तो आक्कानंच ठेवलेला, दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून! मी दोन चकरा मारल्या, पण जागा मिळेना. शेवटी समोरच्या घराच्या फाटकाला अर्धी आडवी येईल अशी गाडी लावली. “आता रात्रीचं कोण गाडी काढतंय?” असं म्हणाले, आणि पिशव्या उचलून आत गेले.

रोज कॉलेजच्या फाटकात आडव्या लावलेल्या दुचाक्यांवरून मुलांना बोलणारी बाई मी. त्या रात्री मला त्याची आठवणही झाली नाही.

सकाळी सातला बाहेर आवाज चढलेले. समोरची सून तेलुगूत तावातावानं बोलत होती, आक्का तिच्या दख्खनीत उत्तरं देत होती. शब्द सगळे कळले नाहीत, अर्थ कळला. त्या घरातल्या आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, पहाटेची पाळी असते. त्या दिवशी माझ्या गाडीमुळं त्यांची गाडी फाटकाबाहेर निघेना. मुलानं अंधारात चौकापर्यंत जाऊन रिक्षा आणली आणि थंडीत वडिलांना तीत बसवून नेलं.

आक्का म्हणत होती, “रस्ता काय तुमच्या नावावर आहे?” आणि ती म्हणत होती, “मग तुमचा दगड कुणाच्या नावावर आहे?”

खरं सांगायचं तर दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. घरासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो. तिथं दगड, कुंड्या, मोडक्या खुर्च्या ठेवून जागा राखायचा हक्क कुणालाच नाही. पण कुणाच्या फाटकाची वाट अडवून गाडी लावू नये, हेही तितकंच खरं. केंद्र सरकारच्या १९८९ च्या रस्ते-नियमांत ते होतं, २०१७ च्या नव्या नियमावलीतही आहे. आपण मात्र आपल्या सोयीचा अर्धा नियम पाठ करतो. आपल्याकडं आला तो पाहुणा, दुसऱ्याकडं आला ती अडचण!

मी खाली गेले, गाडी काढली आणि थेट मेट्रो स्थानकाच्या बाजूला जागा मिळेपर्यंत हिंडले. परत येताना मनात एकच विचार. त्यांनी आम्हाला उठवलं का नाही? बेल वाजवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

दुपारी ओटीची गडबड चालू असतानाच शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकऱ्या घेऊन समोर गेले. आक्का म्हणाली, “तू कशाला जातेस? ती बोलेल तुला.” बोलली तर बोलू दे, म्हटलं.

सुनेनं दार उघडलं, पण हसली नाही. आत पलंगावर आजोबा पडले होते, चेहरा दमलेला. मी मोडक्या तेलुगूत सुरुवात केली, तर ते म्हणाले, “सोलापूरदवरा? बर्री, कूड्री.” मी थक्क झाले. गृहस्थ मूळचे रायचूरचे. दक्षिण मध्य रेल्वे १९६६ मध्ये सुरू झाली, त्यानंतर वर्षभरात नोकरीला लागून इकडं आलेले. १९५६ पर्यंत रायचूर, उस्मानाबाद आणि हे हैदराबाद एकाच संस्थानातलं, एकाच राज्यातलं. आमच्या गप्पा कन्नडमध्येच झाल्या.

मी माफी मागितली. ते म्हणाले, “मुलगा बेल वाजवणार होता. मीच नको म्हटलं. गर्भारशी पोरगी झोपलीय, पाहुणे लांबून आलेत. पण अम्मा, काचेवर एक फोन नंबर तरी ठेवायचा.”

एवढंच बोलले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. चूक आम्ही केली आणि रीत त्यांनी पाळली. तीही सुया टोचून घ्यायला जाणाऱ्या माणसानं.

संध्याकाळी आक्काला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या भावजींना रात्री छातीत दुखलं होतं, तेव्हा यांच्याच गाडीतून नेलं होतं गं.” जेवणं झाल्यावर तिनं व्याह्यांच्या ड्रायव्हरला हाताशी घेतलं आणि तो दगड उचलून कंपाउंडच्या आत टाकला. समोरच्या सुनेनं गॅलरीतून पाहिलं. बोलली काहीच नाही. दोघींचं अजून पूर्ण जमलेलं नाही, असं आक्का परवा फोनवर सांगत होती. मात्र डायलिसिसच्या दिवशी फाटकासमोर कुणाचं चाक येऊ नये, यावर आक्काच नजर ठेवते.

माझ्या गाडीच्या पुढच्या काचेशी आता एक चिठ्ठी असते. ‘गाडीची अडचण होत असल्यास केव्हाही फोन करा,’ आणि खाली नंबर. मराठी आणि कन्नड ओळ मी लिहिली, तेलुगू भाचीनं. आतापर्यंत दोनदा फोन आला. एकदा रात्री दीडला, आपल्याच सोलापुरात. झोपेतून उठून गेले. समोरचा माणूस “सॉरी मॅडम” म्हणाला. मी म्हटलं, “सॉरी मीच म्हणायला हवं.”

तुम्हीही एक चिठ्ठी करून ठेवा. कागद लहानसा लागतो, आणि पहाटे कुणाला कुठं जायचं असेल हे आपल्याला ठाऊक नसतं.