उणे आकड्यातलं लग्न

आमच्या घरात जपून ठेवण्याचं काम पूर्वी पत्र्याच्या ट्रंकेकडे होतं. पत्रं, गुणपत्रिका, रोल धुऊन आणलेले फोटो, सगळं तिच्यात. मी नोकरीला लागले तेव्हा 1.44 एमबीची फ्लॉपी होती. मग 700 एमबीची सीडी आली, पाठोपाठ पेनड्राइव्ह. पुढे तर जागेची चिंताच मिटली. मित्रमंडळी ऑर्कुटच्या स्क्रॅपबुकात भेटू लागली आणि फोटो इंटरनेटवर जाऊन बसले.

30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झालं. गूगलने आधी कळवलं होतं. टेकआउटमधून आपापले अल्बम आणि स्क्रॅप उतरवून घ्यायला 2016 पर्यंत मुदतही होती. पण जागा त्यांची, त्यामुळे दिवस त्यांनीच ठरवला. 1 जून 2021 पासून गूगल फोटोजमधली फुकट अमर्याद साठवण थांबली, तेव्हा मी हार्डडिस्क विकत आणली आणि सगळं घरी उतरवायला बसले.

झिप उघडली तर फोटोशेजारी त्याच्याच नावाची जेसन फाईल. आई-बाबांच्या लग्नाचा फोटो मी स्कॅन करून चढवला होता. त्याला हाताने घातलेली मे 1966 ही तारीख फोटोत नव्हती, या शेजारच्या फायलीत होती, तीही सेकंदांत. हे सेकंद 1 जानेवारी 1970 पासून मोजतात. त्यामुळे लग्नाची तारीख निघाली उणे अकरा कोटींच्या पलीकडे. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. तेव्हापासून उधारीच चालू आहे."

मग फोल्डरांना नावं द्यायला त्यांनाच शेजारी बसवलं.

"ही कोण, काचेच्या बांगड्यांतली?"

"बेळगावची अक्का. पाटल्या मोडून माझी कॉलेजची फी भरली तिने."

हे कुठल्याच फायलीत नव्हतं. साध्या टेक्स्ट फायलीत लिहून फोटोपाशीच ठेवलं.

डिस्कही कधीतरी जायचीच. म्हणून दुसरी प्रत नागपूरला बहिणीकडे आहे. धान्याला ऊन दाखवावं तशी आम्ही दोघी दर उन्हाळ्यात आपापली डिस्क जोडून फायली उघडून बघतो. तिसरी प्रत अजूनही इंटरनेटवर आहे; भिस्त मात्र तिच्यावर नाही.

मुलगा म्हणतो, "आई, एवढी उठाठेव कशाला? सगळं फोनवर दिसतंच की."

दिसतं खरं. पण अक्काच्या हातात पाटल्या का नाहीत, ते फोनवर दिसत नाही.