धुरंधरांचीं चित्रें आणि वर्ध्याचे डोळे

ज्या गांवीं साधेपणा हाच अलंकार मानला गेला, त्या गांवच्या माणसांनीं चित्रांच्या प्रदर्शनासाठीं साडेसातशे किलोमीटर जावें कीं न जावें, हा प्रश्न वाचकांस विनोदाचा वाटेल. पण आम्हां वर्धेकरांना तो तितकासा हलका वाटत नाहीं. आमचे डोळे सेवाग्रामच्या मातीच्या भिंतींवर वाढलेले आहेत. तेथील कुटीच्या भिंतीवर मीराबेननीं मातीनेंच उठविलेलीं ताडाचीं झाडें आणि चरखा हें आमच्या लहानपणचें पहिलें चित्रदर्शन. चित्राला रंग असावा लागतो हें आम्हांस पुष्कळ उशिरा कळलें. १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय हें आमच्या गांवचें मोठें प्रेक्षणीय स्थळ. परंतु तेथें पाहावयाचें तें चरखे, घाण्या, कापड असें, म्हणजे उपयोगीं पडणारें. गोपुरींतील गीताई मंदिराला तर छप्परहि नाहीं आणि मूर्तिहि नाहीं. उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर अक्षरें आहेत.

मनुष्याकृतीचें प्रेम आमच्या मातींत मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें देतांना विनोबांनीं राम आणि भरत यांच्या भेटीच्या एका चित्राची कल्पना मांडली होती. पुढें धाम नदीच्या कांठीं पवनारला ते राहावयास आले आणि तेथील जमीन खणतांना भरत-भेटीचेंच एक प्राचीन शिल्प त्यांच्या हातीं लागलें. तें आश्रमांत आजहि आहे. एवढा विरक्त पुरुष, पण ज्ञान आणि प्रेम समजावून सांगतांना त्यालाहि चित्रकाराची आठवण व्हावी, ही गोष्ट आम्हांस नेहमीं धीर देत आली आहे.

तर २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरल्याचें वाचलें आणि आम्ही सहकुटुंब विदर्भ एक्सप्रेसनें निघालों. बरोबर आर्वीच्या आत्याबाई होत्या. त्यांचें वय तेव्हां ब्यायशीं. त्यांना चित्रांची हौस नव्हती. समुद्र पाहावयाचा राहून गेला होता, म्हणून आल्या.

सर कावसजी जहांगीर यांच्या नांवाची ही इमारत १९११ सालची. पूर्वीं तेथें गाण्याच्या बैठकी आणि सभा होत; १९९६ पासून तेथें कलादालन आहे. आंत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत जातात, त्यामुळें पाहणारा चित्रांभोंवतीं फिरतो कीं चित्रें पाहणाऱ्याभोंवतीं, असा भास होतो. इमारतीविषयीं इतकें पुरे.

धुरंधर हे मूळचे कोल्हापूरचे. जन्म १८६७ चा. १८९० सालीं ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून आले, तेथेंच शिक्षक झाले, आणि १९३० सालीं कांहीं काळ त्या शाळेचे संचालकहि झाले. तो मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हें त्यांच्या आत्मचरित्राचें नांव या एकनिष्ठेला शोभणारेंच आहे. सरकारनें त्यांना रावबहादूर केलें. नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या भिंतींवर त्यांनीं चित्रें काढलीं. १ जून १९४४ रोजीं ते वारले.

या साऱ्या सनावळीकडे वर्ध्याचा माणूस जरा निराळ्या नजरेनें पाहतो, हें कबूल केलें पाहिजे. १९३० सालीं आमच्याकडील वडीलधारी माणसें मिठाच्या गोष्टी बोलत होतीं. जुलै १९४२ मध्यें वर्ध्यांतच काँग्रेस कार्यकारिणीनें इंग्रजांनीं निघून जावें असा ठराव केला, आणि पुढल्याच महिन्यांत आमच्या जिल्ह्यांतील आष्टीला गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळांत रावबहादूर ही पदवी आमच्या घरांत कोणत्या सुरांत उच्चारली जात असे, तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. धुरंधरांनीं सरकारची चाकरी मनोभावें केली. तें झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं आणि त्याबद्दल त्यांच्यावर रुसण्याचेंहि दिसत नाहीं. चित्रापुढें उभें राहिल्यावर प्रश्न एवढाच कीं, या माणसानें काय पाहिलें?

आमचें मत स्पष्ट सांगतों. त्यांचे देव आम्हांस फारसे भावले नाहींत. पौराणिक चित्रांतील राजे आणि अप्सरा यांच्या अंगावर नाटकमंडळीच्या पेटीचा वास येतो. पडदा आतां पडेल आणि ही मंडळी चहा पिऊं लागतील असें वाटतें. मोठ्या तैलचित्रांतील सफाई निर्विवाद आहे, पण ती सफाईच डोळ्यांना पुढें सरकवते. याच्या उलट जेथें कागद लहान, हातीं नुसती पेन्सिल किंवा जरासा जलरंग, आणि समोर देवाधर्माचें किंवा दरबारचें कांहींच नाहीं, तेथें हा पुरुष अजोड आहे. बाई घागर कमरेवर घेते तेव्हां कमरेची एक बाजू वर सरकते, धड दुसरीकडे कलतें आणि मोकळा हात आपोआप तोल शोधतो. हें आपण रोज पाहत आलों, पण धुरंधरांनीं तें ध्यानांत ठेवलें. रस्त्यावरच्या मुंबईकरांचीं थट्टेचीं पोस्टकार्डें त्यांनीं काढलीं, तींहि अशींच. एडवर्ड्स यांचें मुंबईच्या गल्लीबोळांवरचें पुस्तक १९१२ सालीं निघालें, किंकेड यांनीं आपल्या आदित्यराणूबाईसारख्या कहाण्या १९१४ सालीं इंग्रजींत नेल्या, रॉथफील्ड यांनीं १९२० सालीं हिंदुस्थानच्या स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. या तिन्ही साहेबांना डोळे पुरविले ते धुरंधरांनीं. साहेबांचा मजकूर आज कितीजण वाचतात कोण जाणे. चित्रें मात्र पाहिलीं जातात.

येथवर आम्ही आपल्या बुद्धीनें चाललों होतों. पुढें आत्याबाईंनीं आमचें बोट धरलें.

त्या एका बाकावर बसून कंटाळल्या होत्या. सहज उठून जवळच्या एका लहान रेखाटनापाशीं गेल्या, चष्मा कपाळावर सारला, आणि बराच वेळ हलेनात. मग म्हणाल्या, “अरे बाबू, हे पाह्य. ही बाई पाण्यात उतरणार आहे. ओचा कसा वर खोचला पाह्य ना.” आम्हीं पाहिलें. चित्रांत पाणी नव्हतें, नदी नव्हती. कोऱ्या कागदावर एक बाई उभी होती. आत्याबाई पुढच्या चित्राकडे वळल्या. “हिचं लुगडं कामाचं. अन् ही पाहुणी आली आहे, हिला अजून कोणी बस म्हटलं नाही.” हें कशावरून, असें आम्हीं विचारलें. “पदरावरून. बसायचं असतं तर पदर पुढं घेतला असता.”

मग तासभर त्या वाचीत सुटल्या. वाचीत हाच शब्द योग्य. कोळणीचें गुडघ्यावर घट्ट बांधलेलें लुगडें, ब्राह्मणघरचा कासोटा, प्रभूंच्या बायकांचा पदर, उजव्या खांद्यावरून पुढें आलेला गुजराथणीचा पदर. कोणत्या निऱ्या घाईनें घातल्या आणि कोणत्या आरशापुढें. कोणत्या बाईच्या कडेवरचें मूल तिचें स्वतःचें नाहीं. चित्राखालील पाट्यांवर सन आणि माध्यम लिहिलें होतें. हें कोठेंच लिहिलें नव्हतें. आत्याबाईंनीं स्वतः जन्मभर नऊवारी नेसली आणि आर्वीच्या शाळेंत तीस वर्षें मुली वाढविल्या, त्या विद्येचा हा परतावा. आमची कन्या, वय वर्षें पंधरा, तोंवर एका कोपऱ्यांत भ्रमणध्वनीशीं खेळत होती. ती येऊन आत्याबाईंच्या मागें उभी राहिली.

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, धुरंधरांनीं हीं चित्रें काढलीं तीं वाचणाऱ्यांसाठीं काढलीं. घरोघरच्या बायकांना जें समजतें तेंच त्यांनीं कागदावर उतरविलें. त्यांची कन्या अंबिका ही स्वतः चित्रकार. १९३१ सालीं जे. जे. शाळेची पदविका मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकीं ती एक. ज्या घरांत मुलीच्या हातीं कुंचला दिला जातो, त्या घरांतील पुरुषाला निरीचा अर्थ कळावा यांत नवल नाहीं. आणि मग आमच्या सेवाग्रामच्या डोळ्यांनाहि या चित्रकाराशीं बोलावयास जागा सांपडली. ती त्याच्या सोन्याच्या दागिन्यांत नव्हती, या कोऱ्या कागदावरच्या चार रेषांत होती. हात कामाला लागला म्हणजे शरीर कसें दिसतें, हें मगन संग्रहालयांतील चरख्यापुढें उभें राहूनहि कळत नाहीं. तेथें चरखा आहे, कांतणारी नाहीं. धुरंधरांच्या कागदावर ती कांतणारी आहे.

पण ही भाषा जाणणारे डोळे आतां किती उरले? चित्रें जपतां येतात. कागदाची वाळवी मारतां येते, रंगांवरची धूळ काढतां येते. निरीचा अर्थ जपण्याचें रसायन कोणत्याहि प्रयोगशाळेंत मिळत नाहीं. आणि ज्यांना तो ठाऊक, त्या आर्वी, हिंगणघाट, देवळीच्या म्हाताऱ्या बायांपर्यंत हीं चित्रें कोण नेणार? प्रदर्शन संपलें म्हणजे चित्रें ज्यांचीं त्यांच्याकडे परत जातात. आमच्या जिल्ह्यांत एखाद्या शाळेच्या दिवाणखान्यांत यांच्या नुसत्या छापील प्रती मांडून समोर आठ-दहा आत्याबाई बसविल्या असत्या, तर विद्वानांना पांच वर्षें पुरेल इतकें टिपण एका दुपारीं झालें असतें. ही सूचना आम्हीं गांवांतील दोघां-तिघांपुढें मांडली. सर्वांनीं ती उत्तम म्हटली.

शेवटीं घरच्या घरींच आरंभ केला. प्रदर्शनाचें पुस्तक आम्हीं विकत आणलें होतें. सुटीच्या दिवशीं कन्या तें घेऊन आर्वीला जाई, आत्याबाई एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत आणि ती वहींत लिही. काम सावकाश चाले, कारण आत्याबाईंना एका पदरावरून तीन गोष्टी आठवत आणि त्यांतील दोन सांगण्यासारख्या नसत. समुद्राविषयीं कोणीं विचारलें तर “पाहिला, खारा आहे” एवढेंच म्हणत.

२०२१ च्या उन्हाळ्यांत त्या गेल्या. वही आमच्या कपाटांत आहे. तींत एकतीस चित्रांचीं टिपणें पुरीं झालीं आहेत. बत्तिसाव्या पानावर कन्येनें आपल्या हातानें एका बाईची आकृति उतरवून घेतली आहे. पदर पाठीमागून आणून कमरेशीं गांठ मारलेली. खालीं “ही कोठें निघाली?” असें लिहिलें आहे, आणि उत्तरासाठीं चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.