‘सर’ आणि ‘लुईस’

कॉलिन डेक्स्टर यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांतला सार्जंट लुईस हा त्याचा वरिष्ठ, चीफ इन्स्पेक्टर मॉर्स याच्याच वयाच्या आसपासचा वेल्श माणूस आहे. मात्र १९८७ च्या जानेवारीत ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘इन्स्पेक्टर मॉर्स’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा निर्मात्यांनी त्याला तरुण केले, इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल भागाची बोली त्याच्या तोंडी दिली आणि ही भूमिका मॉर्स साकारणाऱ्या जॉन थॉ यांच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या केव्हिन व्हेटली यांच्याकडे सोपवली. वरवर हा पात्रनिवडीचा तपशील वाटतो, पण मालिकेचा जीव या बदलातच आहे, कारण त्यामुळे दोन समवयस्क सहकाऱ्यांच्या जागी एक अर्धवट गुरू आणि एक न मागता मिळालेला शिष्य उभे राहिले.

मॉर्स ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला, आणि त्याच शहरात चीफ इन्स्पेक्टर म्हणून विद्वानांच्या खुनांचा तपास करतो. वाग्नरच्या संगीतिका, कूट शब्दकोडी आणि बिअर यांवर त्याचा जीव आहे, आणि खुनाचा तपास हाच व्यवसाय असूनही त्याला प्रेताकडे धड पाहवत नाही. लुईस हा सार्जंट, म्हणजे मुख्य तपास अधिकाऱ्याच्या हाताखाली राहून दारोदार चौकशी करणारा आणि नोंदी ठेवणारा; त्याला बायको-मुले आहेत आणि वेळेवर घरी जाण्याची ओढ आहे. पबमधला एक प्रसंग मालिकेत पुन्हापुन्हा येतो: मॉर्सचा ग्लास रिकामा होतो, त्याच्याजवळ नेमके पैसे नसतात, आणि लुईस काही न बोलता पाकीट काढतो. पहिल्यांदा पाहताना त्यात वरिष्ठाचा चिक्कूपणा तेवढा दिसतो, पण पुढे लक्षात येते की त्या टेबलावरून लवकर उठावे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही.

या नात्याची वाढ सावकाश होते, आणि तशी होण्यास मालिकेच्या रचनेनेच जागा दिली आहे, कारण तेरा वर्षांत अवघे ३३ भाग झाले आणि प्रत्येक भाग जवळजवळ चित्रपटाएवढा लांब होता. मॉर्स आधी सिद्धान्त बांधतो, मग पुरावा शोधतो आणि बरेचदा चुकीच्या माणसावर संशय घेतो. लुईसच्या सहज बोलण्यातला एखादा शब्द त्याला अचानक योग्य वाटेवर आणतो. त्याचे श्रेय तो क्वचितच देतो, अहवालातील शुद्धलेखनाच्या चुका मात्र आवर्जून दाखवतो. लुईस हे सोसतो ते निव्वळ हुद्द्याच्या धाकाने नव्हे. या माणसाची बुद्धी किती एकाकी आहे, हे त्याच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. २००६ साली सुरू झालेल्या ‘लुईस’ या मालिकेत तो स्वतः इन्स्पेक्टर आहे आणि त्याचा सार्जंट हॅथवे हा केंब्रिजमध्ये शिकलेला, एकेकाळी धर्मगुरू होऊ पाहणारा तरुण आहे. विद्या आता हाताखालच्या माणसाकडे आहे, आणि ती समोर असताना अवघडून जायचे नसते, हे लुईसला मॉर्सच्या सहवासातच उमगलेले आहे.

मॉर्स आणि लुईस यांचे संवाद मराठीत आणायचे झाले, तर अनुवादकाला पहिल्याच वाक्यात ठरवावे लागेल की मॉर्सने लुईसला अरे-तुरे करावे आणि लुईसने त्याला अहो-जाहो. इंग्रजीत हे अंतर सर्वनामात दिसत नाही. एकाने नुसते ‘लुईस’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘सर’, या दोन संबोधनांत ते साठलेले असते. ‘एंडेव्हर’, म्हणजे ‘प्रयत्न’, हे आपले पहिले नाव मॉर्स १९९७ च्या भागात शब्दकोड्याच्या रूपाने उघड करतो, तेव्हा लुईसला ते कळते, पण त्याच्या तोंडचे ‘सर’ काही सुटत नाही. हे अंतर मिटले नाही म्हणून नाते अपुरे राहिले असे मानणे चुकीचे ठरेल. या दोघांची सगळी माया त्या एका औपचारिक शब्दाच्या आडोशानेच व्यक्त होऊ शकली.

नोव्हेंबर २००० मध्ये दाखवलेल्या अखेरच्या भागात मॉर्स हृदयविकाराने जातो, तेव्हा लुईस त्याच्याजवळ नसतो. लुईसचे आभार मानावेत एवढा निरोप मॉर्स मागे ठेवतो, आणि इतक्या वर्षांत समोरासमोर जे बोलले गेले नाही ते असे तिसऱ्याच माणसामार्फत पोहोचते. शवागारात लुईस वाकून त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो आणि निरोप देतो, तेव्हाही तो ‘सर’ असेच म्हणतो.