वाळवणाच्या दिवसांतलं विमान

सुरत, ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

संध्याकाळी गुढी उतरवली आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. गेली सतरा-अठरा वर्षं तो उघडायचा धीर होत नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं, तापी अडाजणमध्ये शिरली आणि आमचं तळमजल्याचं घर बुडालं. कपाटातल्या निगेटिव्ह चिखलात भिजल्या. पाणी ओसरल्यावर मी त्या उन्हात वाळवल्या आणि डब्यात भरल्या. तिथेच चुकलो. ओल्या होत्या तेव्हाच स्वच्छ पाण्यात एकेक पट्टी सुटी करायला हवी होती. वाळताना जिलेटिन एकमेकांना चिकटलं आणि आता पापडांच्या चळतीसारखे गठ्ठे झालेत.

याच डब्यात इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० आहे, कानपूरला जोडणी झालेलं अॅव्रो आहे, सुरतेला उतरलेलं वायुदूतचं छोटं विमान आहे. आणि कुर्ल्याला मामांच्या चाळीच्या गच्चीवरून टिपलेली एअर इंडियाची जम्बो, म्हणजे बोइंग ७४७. कोणती पट्टी कोणत्या दिवसाची हे वहीत लिहिलेलं होतं. वहीची शाई पुरातच गेली.

१४ एप्रिल, रविवार

मार्केट बंद, त्यामुळे दिवसभर हेच. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चिकटलेली पट्टी पाण्याशिवाय सुटत नाही, अशी अडचण. आधी कमी बुरशीचे गठ्ठे निवडले. परातीत गाळलेलं पाणी, त्यात वेटिंग एजंटचे दोन थेंब. तासाभराने कडा सैल होते. मग ओढायचं नाही, पट्टी आपण होऊन सरकेपर्यंत थांबायचं. एका पट्टीवरून पाच चित्रं डोळ्यांदेखत रंगीत पाणी होऊन परातीत उतरली. ती कुठली होती हेही आता कळणार नाही. त्यानंतर बराच वेळ दुसरी पट्टी हातात घेववली नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा पट्ट्या सुटल्या. आंघोळीच्या खोलीत दोरीला चिमट्यांनी टांगल्या आहेत.

२१ एप्रिल, रविवार

पहाटे डुमस रोडला. एप्रिलमध्ये साडेआठनंतर धावपट्टीवरची हवा थरथरायला लागते आणि कितीही चांगली लेन्स असली तरी विमान पाण्यातून पाहिल्यासारखं येतं, म्हणून आपलं काम सूर्य वर यायच्या आत. विमानतळाच्या आवारात कॅमेरा काढायचा तर विमान नियम १९३७ मधला तेरावा नियम आड येतो. मी नेहमी बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

एक एटीआर आलं. पंख्याच्या विमानाला शटर १/१२५ च्या आसपास ठेवावं लागतं. १/१००० ला पाती गोठतात आणि इंजिन बंद पडलेलं विमान आकाशात टांगल्यासारखं दिसतं. अॅव्रोच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. हाताशी बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलवर बाराच चित्रं, आणि त्यात अख्खं विमान माशीएवढं. तरी त्या माशीवरची अक्षरं भिंगातून वाचता यायची. विमानाची नोंदणी वाचता येत नसेल, तर चित्र कितीही देखणं असो, मला ते अपुरं वाटतं. एअर इंडियाने आपल्या जम्बोंना नावं दिली: आधी सम्राट अशोक, सम्राट शहाजहान, पुढच्या ७४७-४०० ना कोणार्क, खजुराहो, अजिंठा, आग्रा. नाव असलेल्या विमानाची नोंद नावानिशीच राहायला हवी.

२२ एप्रिल, सोमवार

शहरात आज एकच विषय, सुरतेची लोकसभेची जागा बिनविरोध. मार्केटमध्ये हिशेबाच्या वह्या उघड्याच राहिल्या. मला दुपारी फोनवर दुसरीच बातमी दिसली. सकाळी मुंबईहून व्हीटी-ईव्हीए, ‘आग्रा’, उडालं. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला. अमेरिकेतल्या प्लेनफिल्डला त्याचे सुटे भाग काढणार.

पहाटेची फ्लाइंग राणी पकडायला हवी होती. आज जाणार हे मला ठाऊक नव्हतं, असतं तर महिनाअखेरचा हिशेब टाकून गेलो असतो. नागपूरला एक बोइंग ७२० १९९१ पासून २०१५ पर्यंत धावपट्टीजवळ कुजत उभं होतं. ‘आग्रा’ निदान स्वतःच्या पंखांवर गेलं. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

सुटलेल्या पट्ट्या लाइट टेबलावर ठेवून मॅक्रो लेन्सने टिपल्या. सातव्या पट्टीचं तिसरं चित्र उलटवून पाहिलं आणि उठून उभा राहिलो. नाकाकडचा भाग बुरशीने खाल्लाय, पुढच्या खिडक्यांच्या लाल महिरपी विरल्यात, पण मागच्या बाजूला स्वच्छ: व्हीटी-ईएसपी. ‘अजिंठा’. आम्ही जळगावचे, लेण्यांची सहल आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची. गच्चीवरून याच विमानासाठी मी कितीदा वाट पाहिली होती.

वर्ष मात्र कळेना. चित्राच्या खालच्या कडेला गच्चीचा कठडा, त्याच्या अलीकडे जुन्या साडीवर घातलेल्या पांढऱ्या कुरडया. कुर्ल्याला मामींना फोन लावला.

“मामी, गच्चीवर साडी पसरून तुम्ही कुरडया कधी घालायच्या?”

“अरे, दरवर्षी चैत्रात. पण साडीवर म्हणतोस? चटई असायची आपली. साडी एकाच वर्षी, माझ्या थोरलीचं लग्न होतं तेव्हा. चटया सगळ्या मांडवाला दिल्या होत्या. तू कॅमेरा घेऊन माझ्या कुरडयांवर पाय दिला होतास, आठवतंय का?”

थोरल्या मामेबहिणीचं लग्न १९९८ च्या मे महिन्यातलं.

नव्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं: व्हीटी-ईएसपी, अजिंठा. कुर्ला, मामांची गच्ची, एप्रिल १९९८. दोरीवर आणखी चार पट्ट्या आहेत.