गंज आणि गाठ

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून उभ्या मोटारीची नळी बाहेरून गंजते, तशी आतूनही. दुकानाची वाटणी झाली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षे, वडिलांची पद्मिनी लातूरच्या आमच्या वाड्यात उभी होती. यंदा कुंथलगिरीच्या यात्रेसाठी ती काढली, तर ब्रेकच्या नळीचे नट हलेनात.

मिस्त्रीने जोर केला नाही. जोराने नटाचे कोपरे झिजतात, नाही तर नटाबरोबर नळीही पिळवटते. त्याने तारेच्या ब्रशाने गंज खरवडला, तेल सोडले आणि रात्रभर थांबला. सकाळी नट आधी किंचित आवळला, मग सैल केला. पुन्हा तेल, पुन्हा तेच. दुपारी नट सुटले. गंजलेली नळी मात्र बदलावीच लागली.

आपल्या शास्त्रांत क्रोधाच्या चार रेघा सांगितल्या आहेत : पाण्यावरची, धुळीवरची, जमिनीवरची आणि दगडावरची. रेघ दगडापर्यंत पोहोचू नये, म्हणून क्षमावणी दरवर्षी येते. वाटणीनंतर धाकट्या भावाशी बोलणे नाही. हिशेबाचा विषय न काढता, यात्रेस सोबत येण्याचा निरोप त्याला पाठविला आहे. उत्तर आलेले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवीन.