नऊ बोल्ट, चाळीस आरे

दुकानामागच्या पडवीत सायकलचे मागचे चाक आडवे पडले होते आणि नातू त्यावर ओणवा झाला होता. गिऱ्हाईक जुने, मळेकरी. मळ्यातल्या मळ्यात खताची पोती नेण्यासाठी त्याने सायकलला इंजिन बसवून मागितले होते. (ते रस्त्यावर आणायचे नाही, हे अण्णांनी आधीच बजावले होते, २५ सीसीहून मोठे इंजिन बसले की सायकल कायद्याने मोटारवाहन ठरते.) आगाऊ रक्कम गल्ल्यात जमा होती. वायदा संध्याकाळचा होता.

इंजिनासोबत आलेले ४४ दात्यांचे स्प्रॉकेट हबला नव्हे, आऱ्यांनाच धरून बसते. आऱ्यांच्या आत एक रबरी चकती, बाहेर दुसरी, आतून लोखंडी पट्ट्या आणि हे सारे एकत्र आवळणारे ९ बोल्ट. ही योजना ३६ आऱ्यांच्या चाकासाठी केलेली: एका बाजूस १८ आरे, त्यांच्या ९ जोड्या. आपल्याकडील जुन्या घडणीच्या सायकलला मात्र पुढे ३२ आणि मागे ४० आरे. एका बाजूस २०, म्हणजे जोड्या १०, बोल्ट नऊच.

नातवाने सहा बोल्ट सरळ घातले. उरलेल्या तिघांसाठी त्याने आरे पान्याने दाबून बाजूस सारले. स्प्रॉकेट बसल्यासारखे दिसले.

जेवून आलेल्या अण्णांनी दात्यांजवळ खडू धरून चाक फिरवले. खडू एकाच अंगाला घासला.

"आऊट आहे. अर्ध्या फेरीत साखळी ताणेल, अर्ध्या फेरीत सैल पडेल. उतरून आऱ्यांत अडकली, तर चाक जागीच जखडेल."

"अण्णा, ते संध्याकाळी येणार आहेत."

"येऊ देत. चहा घेतील."

३६ भोकांचा हब आणि त्याच मापाची रिम शोधण्यात दुपार गेली. खर्च कोणत्या नावे मांडायचा, असे नातवाने विचारले. "दुकानाच्या," अण्णा म्हणाले. चाक न पाहताच वायदा दिला होता तो त्यांनी स्वतः.

गिऱ्हाईक आले, चहा घेऊन काहीसे नाराज होऊन परतले. दुसऱ्या दिवशी नव्या चाकावर नातवाने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले, खडू धरला, दोन बोल्ट सैल करून स्प्रॉकेट हलकेच ठोकले, पुन्हा खडू धरला. चौथ्या खेपेस खडूचा माग सर्व दात्यांवर सारखा उमटला. अण्णांनी तो पाहिला आणि मळेकऱ्याला निरोप धाडला.