एस्प्रेसो मशीन घ्यायचंय? आधी घरातली औषधं तपासा



माझ्या लेखांत नेहमी बीपी, शुगर, ॲसिडिटी असे विषय असतात. आज कॉफीच्या मशीनवर लिहितोय म्हणून दचकू नका. गेल्या वर्षभरात ओपीडीत हा प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारला आहे: "डॉक्टर, मुलगा एस्प्रेसो मशीन आणतोय. बीपी आहे मला, चालेल का?" सोलापूर तसं चहाचं गाव. पण पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी मुलं सुट्टीला येताना आता कॉफीची आवड घेऊन येतात. आमच्या घरीही तेच झालं. त्या निमित्ताने माझी स्वतःची एक चूक उघडी पडली. ती आधी सांगतो.

आमच्या घरातली गोष्ट

सौ.चं माहेर धारवाडचं. पितळी फिल्टरची कॉफी तिच्यासोबतच आमच्या घरात आली. सकाळी सहाला उठून रात्रीच काढून ठेवलेल्या डिकॉक्शनची कॉफी घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. सहा वर्षांपूर्वी तिला थायरॉईडचा त्रास निघाला. गोळी मीच सुरू केली, ५० मायक्रोग्रॅमची. टीएसएच काही आटोक्यात येईना. मी गोळी ७५ ची केली, नंतर १०० ची. दर वेळी विचारायचो, "उपाशीपोटी घेतेस ना?" ती म्हणायची, "अहो, हो. उठल्या उठल्या."

गेल्या दिवाळीत मुलगा मशीनचे फोटो दाखवत बसला होता. म्हणाला, "आई, चांगलं मशीन नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा धीर धरशील का?" ती सहज म्हणाली, "न धरायला काय झालं? मी गोळीच कॉफीबरोबर घेते. गोळी जरा उशिरा घेईन."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिच्या हिशोबात कॉफी म्हणजे खाणं नव्हतं, त्यामुळे ती उपाशीपोटीच होती. चूक तिची नाही. बाहेरच्या पेशंटला मी "गोळी कशाबरोबर घेता?" असं विचारतो. घरात ते विचारलंच नाही, डोस मात्र दोनदा वाढवला.

थायरॉईडची गोळी आणि कॉफी पोटात एकत्र गेली की गोळीचं शोषण कमी होतं. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये नेमकं हेच प्रसिद्ध केलं होतं. त्यांचे पेशंट गोळी घेऊन लगेच एस्प्रेसो प्यायचे आणि टीएसएच खाली येत नव्हता. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी-चहा निदान अर्धा तास, जमल्यास एक तास थांबून.

आम्ही क्रम बदलला. पुढच्या तपासणीत टीएसएच नॉर्मलच्याही खाली गेला, म्हणजे आता १०० ची गोळी जास्त होत होती. डोस पुन्हा ७५ वर आणला. हे मुद्दाम सांगतोय. तुमचीही अशीच सवय असेल तर ती बदला, पण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून डोस कमी-जास्त करू नका.

त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, "मशीन नंतर बघू. ते कोण, कधी, किती पिणार हे आधी लिहून काढू." तुम्हालाही तेच सुचवतो.

कोण किती पिणार?

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९० ते ९६ अंश तापमानाचं पाणी दाबाने पंचवीस-तीस सेकंदांत ढकलून काढलेला अर्क. एक कप फक्त ३० मिलिलिटरचा, आपल्या चहाच्या कटिंगपेक्षाही लहान. त्यात अंदाजे ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. कप लहान दिसतो म्हणून लोक एकावर थांबत नाहीत. शिवाय बऱ्याच मशीनवर 'डबल'चं बटण असतं, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. रोबस्टा बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त, त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. गरोदर बाईने २०० च्या वर जाऊ नये. दिवसभराचा चहाही यातच धरायचा.

झोपेचं गणित वेगळं. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. आमच्या घरी नियम केलाय, दुपारी तीननंतर मशीन बंद. झोपेच्या गोळ्या मागायला येणाऱ्यांना मी सर्वांत आधी संध्याकाळच्या चहा-कॉफीबद्दलच विचारतो.

बीपीवाल्यांनी काय करायचं?

बीपी आहे म्हणून कॉफी सरसकट बंद करायची गरज नाही. सवय नसलेल्या माणसाचं बीपी कॉफीनंतर तास-दोन तास थोडं वाढतं, रोज पिणाऱ्यांचं कमी वाढतं. घरी बीपीचं मशीन असेल तर स्वतःच तपासा. कॉफीच्या आधी एकदा मोजा, नंतर पाऊण तासाने पुन्हा मोजा. वरचा आकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त उडी मारत असेल तर प्रमाण कमी करा आणि डॉक्टरांना सांगा. रोजचं बीपी मोजायच्या आधी मात्र अर्धा तास कॉफी नको. वरचेवर धडधड होत असेल किंवा बीपी अजून आटोक्यात नसेल, तर मशीन आणायच्या आधीच तुमच्या डॉक्टरांशी बोला.

कोलेस्टेरॉलचं काय?

हे फार जणांना माहीत नसतं. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो एलडीएल वाढवतो. कागदी फिल्टर तो अडवतो. एस्प्रेसोची जाळी धातूची असते, त्यामुळे त्यातला काही कपात उतरतो. आपल्या पितळी फिल्टरलाही कागद नसतोच. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या एका मोठ्या पाहणीत रोज तीन ते पाच एस्प्रेसो पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आढळलं, पुरुषांमध्ये अधिक. एक-दोन कपांनी घाबरायचं कारण नाही. पण एलडीएल आधीच जास्त असेल आणि रोज चार कप प्यायचे असतील, तर कागदी फिल्टरचं साधं भांडं तुम्हाला जास्त योग्य आणि खूपच स्वस्त. माझं एलडीएल काठावर आहे. म्हणून मला दिवसाला एकच, फार तर दोन.

आता मशीनबद्दल

मुलाने मला बरंच शिकवलं. खोक्यावर '१५ बार', '२० बार' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. एस्प्रेसोला साधारण ९ बार पुरतात, तेव्हा या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. गॅसवर ठेवायचा मोका पॉट दीड-दोन बारच दाब देतो. त्याची कॉफी चांगली कडक होते, पण ती एस्प्रेसो नव्हे. दोन हजारांच्या आतबाहेर भागवायचं असेल तर तो वाईट नाही.

कॅप्सूलवाल्या मशीनला अक्कल लागत नाही, पण प्रत्येक कपामागे खर्च जास्त आणि कॅप्सूल बाहेरून मागवाव्या लागतात. बिया टाकल्या की दळून कॉफी देणारं ऑटोमॅटिक मशीन सोयीचं, पण महाग आणि आतून साफ करायला किचकट. सेमी-ऑटोमॅटिकला हात बसायला आठवडा लागतो, पण दुरुस्ती सोपी. आपली नेहमीची चिकोरीवाली पावडर या मशीनला नको. चिकोरी नसलेली, ताजी आणि बारीक दळलेली कॉफी लागते, म्हणून ग्राइंडरचे पैसे आधीच बाजूला काढा.

सोलापुरात मात्र मशीनपेक्षा पाणी आधी बघावं लागतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअर आणि जार दोन्ही चालतात. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच मशीनच्या आतल्या नळ्यांत बसतो आणि वर्षभरात मशीन बंद पडतं. अगदी शून्याला टेकलेलं आरओचं पाणीही नको, त्यात कॉफी बेचव लागते. टीडीएस १५० च्या आसपास असेल तर उत्तम. टीडीएस मोजायचं पेनसारखं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने दर दोन-तीन महिन्यांनी आतला क्षार काढायचा. पाण्याची टाकी बाहेर काढून धुता येते का, हे दुकानातच बघा. आत शिळं पाणी राहिलं तर बुळबुळीत थर धरतो.

वीज तपासा. ही मशीन १२०० ते १५०० वॉटची असतात. त्यांना १६ अँपिअरचा सॉकेट हवा. इन्व्हर्टरवर चालवू नका.

दूध फेसाळायची वाफेची नळी प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडायची, नाहीतर आत दूध सुकून जंतू वाढतात. आपल्या मे महिन्यात तर हे टाळूच नका. नातवंडं असतील तर मशीन ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा. वाफेने भाजलेली लहान मुलं मी पाहिली आहेत.

दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवा. ६५ अंशांच्या वरची गरम पेयं सतत पिण्याचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी संबंध असावा असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. फुंकर न मारता पिता आलं पाहिजे, ही सोपी खूण. आणि साखर! डायबेटिसच्या पेशंटचं नुकसान कॉफी क्वचितच करते, त्यातले दोन चमचे रोज करतात.

शेवटी काय घेतलं?

साधं सेमी-ऑटोमॅटिक, टाकी निघणारं, पुण्यात सर्व्हिस सेंटर असलेलं. सोबत हाताने फिरवायचं ग्राइंडर. पितळी फिल्टर कुठेही गेलेला नाही, रविवारी तोच असतो.

आता आमची सकाळ अशी असते: सहाला उठून पाण्याबरोबर गोळी, मग सिद्धेश्वर तलावाच्या काठाने दोघांची फेरी, घरी आल्यावर मशीन सुरू. ते तापेपर्यंत आंघोळ, आणि सातच्या पुढे कॉफी. गेल्या दोन्ही तपासण्यांत तिचा टीएसएच नॉर्मल आला.

तुमच्या घरात कुणी सकाळची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतं का? थायरॉईड, रक्तवाढीची लोहाची गोळी, हाडांची आठवड्याला एकदा घ्यायची गोळी, या तिन्हींना कॉफी चालत नाही. मशीन घ्या अथवा घेऊ नका, हा प्रश्न मात्र आज घरात विचारा. "उपाशीपोटी घेता का?" असं विचारून थांबू नका. "गोळीनंतर तोंडात पहिलं काय जातं आणि किती वेळाने?" असं विचारा.

काळजी घ्या.